पंचगंगेवरचा पियानो

"मला पियानो नको आहे," विद्युल्लताबाईंनी भाचीला स्पष्ट सांगून टाकलं. "ठेवायचा कुठे? तुझ्या बाबांच्या पोथ्यांवर?"

नीरजा बँकेतून थेट इकडे आली होती. गळ्यातलं ओळखपत्रसुद्धा तिने अजून काढलं नव्हतं. गंगेपलीकडच्या रामनगरच्या शाखेची ती मॅनेजर, त्यामुळे रोज पूल ओलांडून जायचं, यायचं, आणि आठवड्यातून एकदोनदा वडिलांना आणि आत्याला भेटायला काशीच्या पंचगंगा घाटावरच्या गल्लीत उतरायचं, हा तिचा शिरस्ता होता. आज तिने बातमी आणली होती. तिच्या शाखेत खातं असलेल्या निवेदिता बॅनर्जी नावाच्या बाई रामनगरचं घर सोडून मुलाकडे बंगलोरला चालल्या होत्या. सगळं सामान गेलं होतं, एक पियानो राहिला होता. वाजवणारं माणूस मिळालं तर तसाच देऊन टाकायचा, नाहीतर कबाडीवाला आहेच, असं त्या म्हणत होत्या.

"काय नको म्हणतेय ती?" काशीनाथपंतांनी आतल्या खोलीतून विचारलं. ते संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक. वय ऐंशीच्या पुढे गेलेलं, कानात यंत्र, पण नेमकं हवं ते ऐकू यायचं.

"पियानो, बाबा."

"मग नकोच. आपल्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटावं लागतं. गाय आली तर दोघांना."

विद्युल्लताबाई हसल्या आणि मटार सोलायला बसल्या. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता. शहात्तराव्या वर्षी भावाकडे वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक गच्ची, सकाळी घाटावर फेरी, दुपारी वर्तमानपत्र, संध्याकाळी दादाशी वाद. दुःख म्हणावं असं काही नव्हतं. उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका संधिवाताने आखडली होती, आणि आवाजही पूर्वीचा राहिला नव्हता. कलकत्त्याचं घर आवरताना तिथला पियानो त्यांनी एका शाळेला दिला, तेव्हाच ते दार त्यांनी आपल्या हाताने ओढून घेतलं होतं. दार ओढून घेतल्याचं त्यांना वाईटही वाटत नव्हतं. पुष्कळ वाजवून झालं होतं.

नीरजा जाताना म्हणाली, "आत्या, बघायला काय जातं? रविवारी माझ्याबरोबर चल. चहा पिऊन परत येऊ."

विद्युल्लताबाई मटारच सोलत राहिल्या. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की पियानो कोणत्या लाकडाचा असेल, याचा आपण विचार करतोय.

त्यांनी पहिला पियानो पाहिला तो कँटोन्मेंटमधल्या मिशनच्या शाळेत. वडील, म्हणजे आप्पा, दत्तात्रेयशास्त्री आठल्ये हे नावाजलेले कीर्तनकार, पण कीर्तनावर घर चालत नव्हतं, म्हणून ते त्या शाळेत संस्कृत शिकवायला जात. त्यामुळे मुलीलाही तिथे प्रवेश मिळाला. शाळा सुटली की आप्पांचा शेवटचा तास संपेपर्यंत विद्युल्लता सभागृहात बसून राही. तिथे हिरव्या कापडाखाली काहीतरी मोठं झाकून ठेवलेलं असे. एक दिवस तिने कापड वर केलं, आणि तिला वाटलं, ही तर आपलीच पेटी, फक्त कोणीतरी खूप लांब ओढलेली. तिने आप्पांच्या कीर्तनातली साकी एका हाताने वाजवायला घेतली. डावा हात भाता शोधत होता. भाता नाही हे कळल्यावर तो हात रिकामा झाला, आणि रिकाम्या हाताने तिने खालचे सूर दाबून पाहिले. त्या दिवशी जे काय ऐकू आलं, ते ती पुढे साठ वर्षं शोधत राहिली, असं म्हटलं तरी चालेल.

संगीत शिकवणाऱ्या मिस रोझारियो दारात उभ्या होत्या. त्यांनी रागावण्याऐवजी दुसऱ्या दिवसापासून तिला शिकवायला घेतलं. त्यांच्याच घरी, एका दुपारी, विद्युल्लताने ती रेकॉर्ड ऐकली. अमेरिकेतली कोणी काळी बाई पियानो वाजवत गात होती. शब्द काही कळले नाहीत. पण ती बाई तालाच्या जरा मागून चालत होती. तिला उशीर झाला नव्हता, ती मुद्दाम रेंगाळत होती, आणि अगदी शेवटच्या क्षणी येऊन सगळ्यांच्या आधी दारात उभी राहत होती. आप्पा कीर्तनात रंगले की नेमकं हेच करायचे. तबलजी धुमाळीचा ठेका धरून वाट बघत राहायचा, आप्पा शब्द लांबवायचे, लोकांचा श्वास अडकायचा, आणि मग सगळे एकदम टाळीवर येऊन पडायचे. विद्युल्लताने मिस रोझारियोंना सांगितलं, "ही बाई आमच्याकडची आहे." मिस इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीवर बसावं लागलं.

पुढे कॉलेजसाठी ती मामांकडे कलकत्त्याला गेली. पार्क स्ट्रीटच्या एका रेस्तराँला गाणारी मुलगी हवी होती. विद्युल्लता गेली आणि म्हणाली, मी गाईन, पण पियानो मीच वाजवीन आणि साथीदारही मीच निवडीन. मालक म्हणाला, गाणारी उभी राहते, तेच लोकांना बघायचं असतं. ती म्हणाली, आठवडाभर बसून गाऊ दे, नाही जमलं तर उभी राहते. त्या आठवड्यानंतर तिला कोणी उभं राहायला सांगितलं नाही. मालकाला नावाचीही अडचण होती. विद्युल्लता आठल्ये हे कोण उच्चारणार? त्याने 'विकी' सुचवलं. तिने ऐकून घेतलं, आणि पहिल्याच संध्याकाळी पियानोवर एक सूर धरून समोरच्या लोकांना सांगितलं, आधी माझं नाव म्हणा, मग गाणं. वि, द्युल्, ल, ता. डबल बास वाजवणाऱ्या मुकुल सेनने प्रत्येक अक्षराखाली एकेक ठोका दिला. काटेचमचे खाली ठेवून अख्खं रेस्तराँ तिचं नाव घेऊ लागलं. पुढे कित्येक वर्षं तिचा कार्यक्रम असाच सुरू होत असे.

तेव्हा जॅझ म्हणजे इंग्रजी, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. फर्माइशीची गाणी ती इंग्रजीत गायचीच. पण लोक जेवून निवांत झाले की ती स्वतःची गाणी काढायची, मराठीत, बनारसी हिंदीत, आणि ड्रमवाल्याला सांगायची, धुमाळी घे. त्याला धुमाळी तिनेच शिकवली होती, टेबलावर बोटांनी ठेका धरून. काही लोक उठून जायचे. काही लोक दुसऱ्या दिवशी आणखी चार जणांना घेऊन यायचे. एक छोटी रेकॉर्ड निघाली, परदेशातल्या महोत्सवांची बोलावणी आली. मुकुलशी लग्न झालं. मग हळूहळू रेस्तराँमधलं गाणं बंद पडलं, आणि ती मुलांना शिकवू लागली. आप्पांनी एवढंच म्हटलं होतं, "गाणं गा. कुठे गातेस ते मला सांगू नकोस, म्हणजे कोणी विचारलं तर मला खोटं बोलावं लागणार नाही." तिने त्यांना कधी सांगितलं नाही, आणि त्यांनी कधी विचारलं नाही. सुट्टीत घरी आली की ती कीर्तनात पेटीवर बसायची. आप्पा मुद्दाम शब्द लांबवायचे आणि तिच्याकडे बघून मिश्कील हसायचे. बाप-लेकीचं एवढं बोलणं पुरेसं होतं.

मुकुल गेल्यावर काशीनाथपंत स्वतः कलकत्त्याला आले आणि म्हणाले, "विदू, मला आता एकट्याला पंचांग वाचायचा कंटाळा येतो. घरी चल." त्यांच्या बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यामुळे ते खरंही होतं.

रविवारी नीरजाबरोबर त्या रामनगरला गेल्या. निवेदिता बॅनर्जी उंच, सरळ पाठीच्या, पांढरे केस कापलेल्या. घरात बांधलेल्या खोक्यांमधून वाट काढत त्यांनी चहा आणला. त्या बंगाली मिसळलेली हिंदी बोलत होत्या. नीरजाने ओळख करून दिली, "ये मेरी बुआ, विद्युल्लता सेन."

निवेदिताबाईंच्या हातातली बशी थांबली. "विद्युल्लता?" त्यांनी ते चार तुकड्यांत म्हटलं, आणि प्रत्येक तुकड्याला टेबलावर बोट आपटलं. मग त्या घाईघाईने बोलू लागल्या. लग्नानंतर नवऱ्याबरोबर पहिल्यांदा कलकत्त्याला गेले, त्याने मोठ्या कौतुकाने पार्क स्ट्रीटला जेवायला नेलं, मी लाजून मान खाली घालून बसले होते, आणि समोरची बाई म्हणते माझं नाव घ्या! नवरा मोठ्याने ओरडला. तो माणूस इतका खुल्या गळ्याचा आहे, हे मला तेव्हा कळलं. घरी आल्यावर त्यानेच हा पियानो घेतला. आम्हाला दोघांनाही वाजवता आला नाही कधी. मी रोज पुसायचे.

विद्युल्लताबाई चहा संपवून पियानोजवळ गेल्या. तपकिरी, उभ्या बांध्याचा, वर मेणबत्त्यांचे जुने डाग. स्टूल बुटकं होतं, त्यावर उशी ठेवावी लागली. त्यांनी झाकण उघडलं, आणि हात ठेवले.

सूर उतरले होते. दोन पट्ट्या तर मुक्याच होत्या. पण पियानोपेक्षा हाताचीच पंचाईत झाली. त्यांनी सवयीने पाची बोटांनी एकदम दाबायचा जोडसूर धरला, आणि आखडलेली दोन बोटं जागेवर पोचलीच नाहीत. पुन्हा धरला. पुन्हा तेच. कपाळावर घाम आला. नीरजा मागे उभी होती, तिने श्वास रोखल्याचं त्यांना कळत होतं. भाचीसमोर, आणि ज्या बाईने पन्नास वर्षं आपली आठवण पुसून लख्ख ठेवली तिच्यासमोर, असं बसणं त्यांना जड जात होतं.

मग त्यांनी एक केलं. जी बोटं येत नव्हती त्यांना त्यांनी सोडून दिलं, जशी दमलेली माणसं घाटाच्या पायरीवर बसवून आपण पुढे जातो तशी. तीनच बोटं लांब ताणून तोच जोडसूर वाजवला. मधले सूर नव्हते. जे राहिले होते ते लांब लांब उभे होते, आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून हवा खेळत होती. तरुणपणी त्या जागा त्यांनी किती भरून टाकल्या होत्या! लोक टाळ्या द्यायचे त्या बोटांच्या वेगाला. आता वेग नव्हता. पण प्रत्येक सूर आपला वेळ घेऊन येत होता आणि जाताना दार उघडं ठेवत होता.

त्यांनी गळा साफ केला. पूर्वी गाताना त्यांची पट्टी पेटीवरची 'काळी चार' असे. आता आवाज 'पांढरी तीन'पर्यंत खाली आला होता, जरा जाडसर, तळाशी वाळू असलेला. त्यांनी एक ओळ म्हटली आणि थांबून ती ऐकली, एखाद्या नव्या माणसाचं बोलणं ऐकावं तशी. आवाज त्यांना आवडला.

"नीरजा," त्या म्हणाल्या, "हा न्यायचा कसा?"

गल्लीत गाडी येत नाही, तेव्हा होडीनेच आणायचं ठरलं. बच्चालाल साहनी नावाचा मल्लाह आपला मोठा बजडा घेऊन यायला तयार झाला. सामान वाहण्याची ती जुनी रुंद लाकडी नाव, तिला आता मोटर बसवलेली. आणि काशीनाथपंत, ज्यांनी सगळ्यात जास्त विरोध केला होता, त्यांनी पंचांग उघडून दिवस काढून दिला. "कार्तिक आहे," ते म्हणाले, "पाणी उतरलंय, पायऱ्यांवरचा गाळ धुऊन झालाय. पण एकादशीला नको, घाटावर गर्दी असते. द्वादशीला सकाळी."

द्वादशीला सकाळी पियानो रजयांत गुंडाळून बजड्यावर चढला. निवेदिताबाई काठापर्यंत आल्या, पियानोवरून एकदा हात फिरवला, आणि "नमस्कार" म्हणून वळल्यासुद्धा. विद्युल्लताबाई पियानोशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या. नाव प्रवाहाबरोबर निघाली. मुन्शी घाटासमोरून जाताना पर्यटकांच्या होड्या वळून बघू लागल्या. तेवढ्यात एक मोटरबोट वेगाने बाजूने गेली, बजडा डोलला, आणि रजयांच्या आत पियानो आपोआप गुणगुणला. सगळ्या तारा एकदम, अगदी हळू.

"ई त जागल हौ!" बच्चालाल दचकून म्हणाला.

"हाँ भैया," विद्युल्लताबाई म्हणाल्या. "जागा है."

पंचगंगेला काशीनाथपंत छत्री उघडून उभेच होते. आठ मल्लाहांनी बांबू आणि दोर लावले, महादेवाचा जयघोष झाला, आणि पियानो पायऱ्या चढू लागला. वर आलमगीर मशिदीची भिंत, खाली नदी, आणि मध्ये त्या उभ्या पायऱ्या. दर थोड्या पायऱ्यांनी माणसं थांबत, घाम पुसत, एकमेकांना शिव्या घालत, पुन्हा उचलत. निम्म्यावर दगडी चौथरा आहे, तिथे पियानो टेकवला. आता वर गल्लीचं तोंड, मग एक वळण, मग घर.

चौथऱ्याला लागूनच एक छोटी मराठी धर्मशाळा होती. तिची देखभाल काशीनाथपंतांचे जुने विद्यार्थी ढुंढिराज करत. ते सुतळी घेऊन वर गेले, वळण मोजून आले, सुतळी पियानोला लावून पाहिली. पुन्हा गेले. पुन्हा आले.

"गुरुजी," ते काशीनाथपंतांना म्हणाले, "गल्लीत जातो. वळणावर नाही जात. वळवायलाच जागा नाहीये."

नीरजाचा चेहरा उतरला. तिने गल्लीची रुंदी मोजली होती, दार मोजलं होतं, जिना मोजला होता. वळण राहिलं होतं. "आत्या, माझं चुकलं गं. एवढा आणला आणि आता..." तिने डोळे पुसले. मल्लाह दोर सैल सोडून खालच्या पायऱ्यांकडे बघू लागले. उभा चढ चढवलेलं ओझं परत उतरवायचं म्हणजे काय, हे त्यांनाच माहीत.

विद्युल्लताबाई पियानोकडे बघत होत्या. त्याच्या मागे नदी होती, पलीकडची पांढरी वाळू होती, आणि कार्तिकस्नान करून ओल्या साड्यांनी वर चढणाऱ्या बाया थांबून हे काय आहे म्हणून विचारत होत्या. त्यांना एकाएकी हसू आलं. हसताना त्यांनी नीरजाच्या पाठीवर हात ठेवला. "अगं, रडतेस काय? इतकी चांगली जागा मला आयुष्यात मिळाली नव्हती."

बच्चालाल पायरीवर बसून गमछाने वारा घेत होता. "तनी बजाय के देख लऽ माताजी," तो म्हणाला, "पानी-ओनी त नाहीं घुसल?"

रजया निघाल्या. ढुंढिराजांनी धर्मशाळेतून चौरंग आणला, त्यावर दोन सतरंज्यांच्या घड्या. विद्युल्लताबाईंनी पदर खोचला, बसल्या, आणि डाव्या हाताने धुमाळी धरली. सरळ, ठाय, जशी आप्पांचा तबलजी धरायचा. मग उजव्या हाताची तीन बोटं त्यावर आली, जरा मागून, रेंगाळत.

काशीनाथपंत लगेच अस्वस्थ झाले. त्यांनी आयुष्यभर छंदशास्त्र शिकवलं होतं, मात्रा त्यांच्या रक्तात होत्या. ते पहिल्या मात्रेवर टाळी देऊ लागले आणि टाळी गाण्याच्या अंगावर पडू लागली. त्यांनी कानातलं यंत्र नीट केलं. तरी तेच.

"विदू, सम कुठे आहे तुझी?"

"आहे तिथेच आहे, दादा." वाजवता वाजवता त्या म्हणाल्या. "पण टाळी तिथे देऊ नकोस. एक मनात ठेव, टाळी दोनावर दे. मग तीन मनात, टाळी चारावर."

"समेवर टाळी द्यायची नाही?" म्हाताऱ्याला धक्काच बसला. "ती काय रिकामी ठेवायची?"

"रिकामी कशी? मनात आहे ना. सगळ्यांना ठाऊक आहे ती कुठे आहे. मग ओरडून कशाला सांगायचं?"

मल्लाहांना ते आधीच कळलं होतं. ते दोन आणि चारावर टाळ्या देत होते, मधेच कोणीतरी हाक घालत होता. काशीनाथपंतांनी ओठांनी मोजलं, चुकले, थांबले, पुन्हा मोजलं. आणि एकदाची ती टाळी बसली. बसली तशी त्यांची मान डोलू लागली, मग खांदे, आणि मग छत्रीही. ओल्या साडीतली एक म्हातारी काशीनाथपंतांकडे बोट दाखवत नातेवाइकांना सांगत होती, "शास्त्रीजी को देखो, शास्त्रीजी को!"

विद्युल्लताबाई गाऊ लागल्या. शब्द ठरलेले नव्हते. समोरच्या पायऱ्यांवर पुराच्या पाण्याच्या रेघा अजून दिसत होत्या. त्यांनी तेच म्हटलं:

पाणी उतरलं, पायरी दिसली,
पाणी उतरलं, पायरी दिसली...

तिसरी ओळ सुचली नाही. त्यांनी पियानोलाच ती वाजवायला सांगितली. पुन्हा पहिल्या दोन ओळी, पुन्हा तिसरीच्या जागी नुसते सूर. अशा तीनचार फेऱ्या झाल्यावर त्यांनी हात उचलले. टाळ्या पडल्या, त्या मात्र सगळ्या आपापल्या तालात.

"ही काय पद्धत?" काशीनाथपंत जवळ येऊन म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता, डोळे चमकत होते. "दोनदा तीच ओळ म्हटलीस आणि तिचं उत्तर दिलंच नाहीस."

"मग दे तू."

"मी काय देणार," म्हणत ते छत्री मिटू लागले. पण त्यांचे ओठ हलत होते.

पियानो कुठे ठेवायचा हा प्रश्न ढुंढिराजांनीच सोडवला. धर्मशाळेची खालची खोली चौथऱ्यावरच उघडत होती. आत गाद्या आणि मोठी पातेली रचून ठेवलेली. "विश्वस्तांना विचारायला हवं," ते चाचरत म्हणाले.

"एक विश्वस्त मी आहे," काशीनाथपंत म्हणाले. "दुसरे दोघे पुण्यात असतात. त्यांना मी फोन करून कळवतो."

"विचारतो, गुरुजी?"

"कळवतो."

तासाभरात गाद्या वर गेल्या, पातेली वर गेली, आणि पियानो आत जाऊन खिडकीशी बसला.

आता विद्युल्लताबाईंच्या दिवसाला वेगळा आकार आला. सकाळी फेरी मारून आल्या की त्या धर्मशाळेचं दार उघडत. ठठेरी बाजाराकडचा एक पेट्या दुरुस्त करणारा कारागीर येऊन तारा लावून गेला. दोन मुक्या पट्ट्या त्याच्याने बोलत्या झाल्या नाहीत, तेव्हा बाईंनी गाणीच अशी बांधली की त्या पट्ट्यांना वळसा घालून जावं. यात्रेकरू दाराशी घोटाळत. बच्चालाल कधी सकाळची पहिली फेरी आटोपून येऊन उंबऱ्यावर बसे आणि डोळे मिटून ऐके. नीरजा रविवारी येई. तिला लहानपणी शिकायचं होतं, राहून गेलं होतं. तिने एका बोटाने सुरुवात केली. बँकेत दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकणारी ही पंचेचाळिशीची बाई डावा हात उजव्याच्या मागून धावला की शाळकरी मुलीसारखी ओरडायची.

काशीनाथपंत रोज येऊ लागले, आणि रोज भांडण होऊ लागलं. तिसऱ्या दिवशी ते ओळ घेऊन आले होते:

इतके दिवस गं बुडून राहिली, कशी नाही झिजली?

बाईंनी ती गाऊन पाहिली. अंगावर काटा आला. पण दादाला तसं सांगायची सोय नव्हती, कारण तो आधीच मात्रा मोजत होता. "दोन मात्रा जास्त आहेत," तो म्हणाला, "'गं' काढू या."

"राहू दे. त्या जास्तीच्या मात्रा मी मागे सोडते आणि मग पळत जाऊन गाठते."

"छंदात असं पळता येत नाही."

"आप्पा पळायचे."

काशीनाथपंतांनी 'गं'सकट ती ओळ पुन्हा बोटांवर मोजली. मग म्हणाले, "पळायचे खरे." आणि थोड्या वेळाने, "मला तेव्हा वाटायचं, आप्पा चुकतात."

एकामागून एक गाणी होत गेली. होळीपर्यंत बरीच झाली. शब्द निम्मे तिचे, निम्मे त्याचे, आणि चाली नदीकडे तोंड करून बांधलेल्या. विद्युल्लताबाईंना स्वतःचंच नवल वाटे. पार्क स्ट्रीटवर त्यांनी लोकांना जिंकायचा ध्यास घेतला होता. इथे जिंकायला कोणी नव्हतं. जो येई तो पायऱ्या चढून दमलेला असे आणि बसायला मिळालं म्हणूनच खूश असे. त्यांचे तीन बोटांचे जोडसूर आता त्यांना अपुरे वाटत नव्हते. कधी कधी त्या दोनच सूर वाजवून थांबत, आणि बाहेरून होडीच्या मोटरचा आवाज, देवळातली घंटा, धुणं आपटणं, जे काय येई ते तिसरा सूर म्हणून घेत.

एका सकाळी कलकत्त्याहून फोन आला. जुन्या काळच्या गायक-वादकांचा सत्कार करणारी एक संस्था होती. तिचे चिटणीस मोठ्या अदबीने बोलत होते. इतकी वर्षं शोधत होतो, तुम्ही काशीला आहात हे आत्ता निवेदिता बॅनर्जींच्या मुलाकडून कळलं, तुमच्यासारखी दुसरी झाली नाही, शाल, मानपत्र, मोठं सभागृह. आणि तुमची ती जुनी गाणी पुन्हा एकदा ऐकायची आहेत.

विद्युल्लताबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मनापासून आनंद झाला, तो त्यांनी लपवला नाही. मग म्हणाल्या, "जुनी गाणी तुमच्याकडे रेकॉर्डवर आहेत, ती छानच आहेत. माझ्याकडे आता नवी आहेत. ती ऐकायची तर तुम्हालाच इकडे यावं लागेल. सकाळी या."

ते खरंच आले. चैत्रात, सात-आठ जण, त्यातले दोघे काठी टेकत. त्यांच्यातला एक जण पार्क स्ट्रीटला बाईंबरोबर ड्रम वाजवणारा देवदत्त होता. ऐंशीला टेकलेला, पण येताना काखेत एक छोटा ड्रम घेऊनच आला होता. त्याने विद्युल्लताबाईंकडे बघून नुसतं विचारलं, "धुमाळी?" आणि त्यांनी मान हलवली.

खोलीत माणसं मावेनात, म्हणून दार सताड उघडलं, तेव्हा उरलेले चौथऱ्यावर बसले. मल्लाह होते, ढुंढिराज होते, नीरजाने बँकेतून अर्धी रजा घेतली होती. काशीनाथपंत सगळ्यांत पुढे खुर्चीवर, धुतलेलं उपरणं पांघरून. कार्यक्रम म्हणावा असा तो नव्हताच. मध्ये दोनदा चहा झाला, एकदा माकडाने कोणाचा तरी चष्मा पळवला म्हणून सगळे उठले, आणि देवदत्तचा हात दुखू लागला तेव्हा बच्चालालने ड्रम मांडीवर घेतला.

शेवटच्या, पायरीच्या गाण्यात विद्युल्लताबाईंनी काशीनाथपंतांच्या ओळीतला एक शब्द ऐनवेळी बदलला. चालीला तोच बरा बसत होता. कलकत्त्याच्या लोकांना काही कळलं नाही, ते उभे राहून टाळ्या देत होते. गर्दीतून वाट काढत काशीनाथपंत पियानोपाशी आले.

"'राहिली' होतं," ते म्हणाले. "'रुसली' कुठून आलं?"

"आलं आपोआप."

"अर्थ बदलतो त्याने."

"हो. आता ती पायरी रुसून पाण्याखाली बसली होती."

काशीनाथपंतांनी ती ओळ मनातल्या मनात म्हणून पाहिली. मग खुर्ची पियानोजवळ ओढून ते बसले. "बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "पण मग पहिली ओळही बदलायला हवी. चल, पुन्हा सुरू कर."